तीन ठोके, मग दोन

चाची शेवटी शेवटी वेडी झाली होती, असं त्या गावात अजूनही सांगतात. पुरावाही देतात. म्हणे, रोज सकाळी माळावर जाऊन डबा वाजवून हरणांना बोलवायची आणि हरणं आली की गोफणीने दगड मारायची. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ती बोलवायची आणि ती मारायची. मी तिथे होते. काही दिवस तर दगड वेचून देणारी मीच होते. ती वेडी नव्हती. त्या गावात ज्यांची डोकी ठिकाणावर होती अशी जी चार-दोन माणसं होती, त्यांत तिचा नंबर पहिला लागेल. माझा लागेलच असं मी छातीठोकपणे सांगत नाही.

मी तिची भाडेकरू. नव्वद सालानंतरची ती वर्षं. शाळेत नवी नोकरी लागली होती. गाव दौंड तालुक्यात, भांडगावच्या दक्षिणेला, सुप्याच्या बाजूला पसरत गेलेल्या माळाच्या कडेला. माझं माहेर शिरूरचं. शिरूरहून एसटी न्हावऱ्यावरून चौफुल्याला सोडायची, पुढे मिळेल ते वाहन आणि शेवटचा तुकडा पायी. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी राजी नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, एक जागा आहे, पण ती म्हातारी जरा... आणि पुढचा शब्द त्यांनी कानाजवळ बोट गोल फिरवून सांगितला.

गावाबाहेर माळाच्या तोंडाशी दोन खणांचं धाब्याचं घर होतं. दारात एक उंच, काटक म्हातारी बसलेली. अंगावर हिरवं लुगडं आणि लुगड्यावर पुरुषी खाकी कोट, भर उन्हात. कोटाच्या छातीवर काडतुसं अडकवायच्या पट्ट्या होत्या. त्यांत तिने सुक्या मिरच्या, मिश्रीची डबी आणि काड्यापेटी खोचली होती. एका खिशात मिठाचे खडे खुळखुळायचे. तिने माझी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्नाचं तर नाहीच नाही. एकच अट घातली. सकाळी भांडं आपटायचं नाही, पत्र्याची बादली वाजवायची नाही, रेडिओ चालेल पण हळू. मला वाटलं म्हातारीला डोकेदुखी असणार. मी हो म्हटलं आणि माझी लोखंडी ट्रंक आत ओढली, तिचा दगडावर असा काही आवाज झाला की चाचीने डोळेच मिटले.

पहिल्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं कालवण, कांदा. ताट माझ्यापुढे ठेवलं आणि सरळ माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसली. मी चमकले. मला वाटलं हा अपमान आहे, किंवा मुसलमानांत अशी काही पद्धत असेल. गावात मशिदीत झाडलोट करणाऱ्या बाईला मी दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, तर ती तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, आमच्यात असलं काही नसतं, ही तिचीच तऱ्हा. मग मी चाचीलाच विचारलं.

"खाणाऱ्याकडं बघायचं न्हाई, पोरी. जो बघत बसतो त्याला कायतरी पायजे असतं."

चारचौघांत ती मला "बाई" म्हणायची, अहो-जाहो करायची. घरात मी "पोरी" होते. आणि मी तिथे राहिले त्या सगळ्या काळात तिने मला जेवताना एकदाही पाहिलं नाही. सुट्टीत घरी गेले की आई समोर बसून घास मोजायची, तेव्हा मला चाचीच्या पाठीची आठवण यायची.

माळ आप्पांचा होता. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार. सोसायटी, पतपेढी, देवस्थान, जिथे खुर्ची असेल तिथे ते असायचे. माणूस गोड बोलणारा, कुणाच्याही मयताला सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या आजोबांना शिकारीचा नाद होता, आणि त्याहून मोठा नाद साहेबलोकांना शिकारीला बोलवायचा. चाचीचा सासरा आणि नवरा हे त्यांचे शिकारी. शिकार म्हटलं की आपल्याला बंदूक दिसते. चाची म्हणायची, बंदूक हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. त्याआधी वर्षभर दाणा टाकावा लागतो.

माळाच्या मध्यावर एक बुटका दगडी ओटा होता. त्यावर रोज सकाळी ज्वारी, मटकी, बाभळीच्या शेंगा, मिठाचे खडे ठेवायचे आणि पत्र्याचा डबा वाजवायचा. तीन ठोके, थोडं थांबून आणखी दोन. हरणं येतात. रोज येतात, उन्हाळ्यात तर वाटच बघतात. ओट्यापासून साठेक पावलांवर दगडांची गोल भिंत रचलेली होती, तिला लपण म्हणत. साहेब आले की लपणात बसायचे. पुरुषाच्या वाऱ्याने हरीण बुजतं म्हणून दाणा टाकायचं काम सासऱ्याने नव्या सुनेला दिलं. ती तेव्हा सोळाची असेल.

"बंदुकीला कोन येतंय?" ती मला एकदा म्हणाली. "माझ्याकडं यायची ती. म्या डबा वाजवायचा आन् गपकन खाली बसायचं. डोक्यावरनं गोळी जायची. मग उठून बघायचं, आज कोन."

हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही.

पुढे शिकारबंदीचा कायदा आला, बंदुका जमा झाल्या, साहेब यायचे थांबले. सासरा गेला, नवरा गेला. सगळ्यांना वाटलं आता दाणा टाकणंही थांबेल. चाचीने एक दिवससुद्धा खंड पाडला नाही. मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा बंदुकीशिवाय दाणा टाकायला लागून तिला वीसेक वर्षं झाली असतील. माझ्या शहाण्या डोक्यात लगेच एक गोष्ट तयार झाली, आणि मी ती तिला बोलूनही दाखवली, की हे प्रायश्चित्त आहे का. ती भडकली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "पापबिप फेडत न्हाई मी. सवय म्या लावली. सवय लावायची आन् सोडून द्यायचं, ही कुठली रीत?"

त्यानंतर मी शहाणपणा आवरला आणि कामाला लागले. माझे वडील शिरूरच्या मार्केट यार्डात तोलणार, म्हणजे धान्य तोलून देणारे, होते. यार्डात पोती उचलली की खाली सांडलेलं धान्य झाडून कोपऱ्यात लावतात. त्यात माती असते, खडे असतात, पण दाणाही असतो. दर पंधरवड्याला मी घरून येताना त्या झाडणीचं अर्धं पोतं एसटीच्या टपावर टाकून आणायचे. कंडक्टर विचारायचा, बाई, कोंबड्या पाळल्यात का? मी हो म्हणायचे. शिरूरला आई विचारायची, एवढं पाखडून खातेस काय तिकडे? तिलाही मी हो म्हणायचे.

चाचीचा मान करायला एकदा दौंडहून चार सज्जन आले होते. शाल, नारळ, वर्तमानपत्रात द्यायला फोटो. त्यांच्यातल्या एकाने दारातच भाषण सुरू केलं: मुक्या प्राण्यांची माउली वगैरे. चाची कोटाच्या खिशात हात घालून ऐकत होती. भाषण संपल्यावर तिने त्यांना विचारलं, हरणाचं मटण खाल्लंय का कधी? ते गृहस्थ कानाला हात लावून शिव शिव म्हणाले. "म्या खाल्लंय," चाची म्हणाली. "लई ग्वाड. म्हून तर मी काय सोडलंय ते मला ठावं हाय. तुमी काय सोडलंय?" शाल तिने ठेवून घेतली आणि तिथेच दारातल्या शेळीच्या अंगावर घातली. फोटोत ती नाही, शेळी आहे. तो फोटो माझ्याकडे अजून आहे.

त्यांच्यानंतर आला तो जंगलखात्याचा गार्ड. तरुण मुलगा, बारा गावं आणि एक सायकल. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की म्हातारी दाणा टाकून जनावरं जमवते, म्हणजे शिकारीचा डाव असणार. तो बिचारा नियम सांगायला लागला, की जंगली जनावराला असं खायला घालू नये, त्याला माणसाची सवय लागते आणि तेच त्याच्या जिवावर येतं. चाचीने त्याला बसवलं, भाकरी वाढली, पाठ फिरवली. जेवून तो निघून गेला. नंतर तो महिन्यातून एकदा यायचाच, नियम सांगायला नाही, जेवायला. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. ते किती बरोबर होतं ते आम्हाला पुढे कळलं.

कळपात बारा-पंधरा हरणं होती, चिंकारा जातीची, पिवळसर, काळ्या शेपटीची. त्यांत एका मादीचा डावा कान अर्धा तुटलेला होता. चाची तिला कानतुटी म्हणायची. इतर सगळी ओट्यावर खायची आणि चाची पलीकडे पाठ करून बसायची. कानतुटी मात्र ओटा सोडून हळूहळू चाचीच्या मागे येऊन उभी राहायची आणि तिच्या कोटाचा खिसा चाटायची, मिठासाठी. मी लांब बोरीच्या झुडपाआडून बघायचे. चाची मागे वळायची नाही. कोट ओढला जायचा, तशी तीही जरा मागे ओढली जायची, आणि तिच्या तोंडावर जे काही यायचं ते मला लांबूनही दिसायचं. त्या बाईला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

पुढे एका वर्षी माघात आप्पांनी केडगावला डोळे तपासणीचं शिबिर भरवलं. चाचीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. आप्पांनी आपली जीप दारात पाठवली, ड्रायव्हरने तिला हात धरून बसवलं. मी म्हटलं, बघा चाची, आप्पांना काळजी आहे. शनिवार होता, सकाळची शाळा. मी पोरांना पाढे म्हणायला लावले होते आणि माळाकडून डबा ऐकू आला. तीन ठोके, मग दोन. माझ्या मनात आलं, अरे, चाची लवकर परतली. एवढंच मनात आलं. सातचा पाढा संपायच्या आत गोळीचा आवाज आला.

मी शाळा तशीच सोडून पळाले. पोहोचले तोवर कुठल्याशा जीपची धूळ सुप्याच्या बाजूला चालली होती आणि ओट्यावर रक्त होतं. दुपारी चाची आली. डोळ्यांत औषध घातल्याने तिला काही दिसत नव्हतं. डोळ्यांवर हात धरून चाचपडत आली. मी तिला सांगितलं. ती माझा हात झिडकारून सरळ ओट्यावर गेली, दगडावर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि खाली बसली. नंतर म्हणाली, नर होता. तिला ते कसं कळलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कळपात कोवळ्या शिंगांचा नर कमी होता.

गार्ड आला, पंचनामा लिहिला. डबा ऐकला, गोळी ऐकली, असं मी लिहून दिलं. आणखी कुणीच काही पाहिलं नव्हतं. ऐकलेल्या डब्यावर केस उभी राहत नाही हे त्याने मान खाली घालून सांगितलं.

मग आम्ही आप्पांकडे गेलो. तिला अजून धूसर दिसत होतं म्हणून मी बरोबर. आप्पा ओसरीवर बसले होते, भोवती पाच-सात माणसं. त्यांनी चाचीला बसायला खुर्ची मागवली. ती बसली नाही.

"आप्पा, डबा कुनी वाजवला?"

आप्पा हसले. त्यांनी नाकारलं नाही, हे मला आजही आठवतं. म्हणाले, पाहुणे मोठे होते, गावचंच काम होतं, त्यांना हौस होती. एका हरणाने काय होतंय, आणि तुमच्या मालकांनी कमी का मारली? शिमग्यानंतर ते परत यायचे आहेत, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

"माझ्या मालकानं मारली ती म्याच बोलावली व्हती," चाची म्हणाली. "आता मी न्हाई बोलावनार."

"तुम्ही नका बोलावू, चाची. डबा मलाबी वाजवता येतो."

सगळे हसले. मला मागाहून कळलं की आप्पा लहान असताना हीच त्यांना कडेवर घेऊन माळावर न्यायची, रडायला लागले की हातात काठी देऊन डबा वाजवायला लावायची. हरणं आली की पोर हसायचं.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच शिकीवलाय."

आम्ही निघालो तसे आप्पा मागून सहज म्हणाले, की ते घर आजोबांनी तोंडी दिलेलं आहे, कागद नाही, एवढं ध्यानात असू द्या. चाची उंबऱ्यावर थांबली. "घर तुमचं हाय, आप्पा. कवाबी घ्या. हरणं तुमची न्हाईत."

घरी येऊन तिने आढ्याची गोफण काढली. ज्वारीच्या राखणीची जुनी गोफण, दोरी कुजलेली. तिने नवी दोरी वळली. मला वाटलं आप्पांच्या जीपवर दगड घालायचा बेत आहे आणि मी मनातून तयारही झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला दगड वेचायला लावले, लिंबाएवढे. मग ओट्यापाशी उभं राहून डबा वाजवला. ओट्यावर एकही दाणा नव्हता.

हरणं आली. त्या शनिवारच्या गोळीनंतरही आली, कारण डबा तिचा होता. पुढे कानतुटी होती.

पहिला दगड चाचीने मुद्दाम अलीकडे टाकला. हरणं दचकली, थांबली, आणि पुन्हा पुढे आली. तिला काय करायचंय ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी म्हटलं, चाची, द्या, मी मारते. तिने गोफण छातीशी धरली.

"डबा माझ्या हातचा हाय. धोंडाबी माझ्याच हातचा पायजे."

दुसरा दगड कानतुटीच्या खांद्यावर बसला. ती मादी पळाली नाही लगेच. तिने मान वर करून चाचीकडे पाहिलं. चाचीनेही पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने समोरून पाहिलं असेल. मग तिसरा दगड सुटला आणि सगळा कळप टेकाडापलीकडे गेला. चाची ओट्यावर बसली, कोटाच्या बाहीने नाक पुसलं आणि मला म्हणाली, उद्या थोडे मोठे वेच.

मी त्या दिवशी खूप रडले. तिच्यावर चिडलेही. मी म्हटलं, ओटा बंद करा, दाणा बंद करा, पण हे करू नका. ती म्हणाली, मी बंद केलं तर डबा आप्पाच्या हातात राहतो. म्हणजे तिचं बरोबरच होतं आणि मला ते सोसत नव्हतं. संध्याकाळी तीच बाई कोटाचे खिसे भरून निघायची. मटकी, शेंगा, मीठ सगळं घेऊन, पण ओट्यावर नाही. आज या बोरीखाली, उद्या त्या घळीत, आपोआप सांडल्यासारखं विखरून टाकायची. डबा नाही, हाक नाही, पाय न वाजवता. टाकायचं आणि मागे न बघता परत यायचं. सकाळी आवाज आणि धोंडा, संध्याकाळी गुपचूप दाणा. असं तिने रोज केलं, शिमगा होईपर्यंत आणि नंतरही. पंधरा दिवसांनी कळप डबा ऐकून टेकाडावरच थांबायला लागला. तीन आठवड्यांनी पहिल्या ठोक्याला वळून पळायला लागला.

कानतुटी परत कधी जवळ आली नाही. चाचीचा मिठाचा खिसा भरलेला असायचा. ती विसरून त्यात हात घालायची आणि हात तसाच ठेवायची.

गावाला तर आयती करमणूक मिळाली. पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, बाई, म्हातारी तुम्हालाबी दगड मारती का? हेडमास्तरांनी काळजीने दुसरी खोली बघून दिली. मी गेले नाही. आप्पांच्या कानावरही गोष्ट गेली होती आणि तेही हसले होते, असं ड्रायव्हर सांगत होता. एवढा हुशार माणूस, पण त्याच्या लक्षात आलं नाही. म्हातारी वेडी झाली हे मान्य करणं सगळ्यांना इतकं सोयीचं होतं.

रंगपंचमीनंतरच्या रविवारी जीप आली. पाहुणे तिघं, बरोबर थर्मास, टोप्या, गालिचासुद्धा. लपणात बसले. चाची आपल्या दारात बसली होती, कोट घालून, सगळ्यांना दिसेल अशी. मी माझ्या नेहमीच्या बोरीच्या झुडपाआड होते. टेकाडाच्या उतारावर कळप चरताना साध्या डोळ्यांना दिसत होता. आप्पा स्वतः ओट्यापाशी गेले. त्यांनी काठी उचलली आणि डबा वाजवला. छान वाजवला. तीन ठोके, मग दोन, हुबेहूब.

सगळ्या माना एकदम वर झाल्या. आणि कळप वळून पळाला. काळ्या शेपट्या टेकाडावर एकदा दिसल्या आणि पलीकडे गेल्या.

आप्पांनी परत वाजवला. माळ रिकामा. लपणातून एक पाहुणा हसत म्हणाला, आप्पा, तुमचा डबा नापास झाला. दुसऱ्याने थर्मास उघडला. तेव्हा चाची उठली. तिने दुरडीत भाकऱ्या आणि ठेचा आधीच बांधून ठेवला होता. ती सावकाश चालत लपणापाशी गेली, दुरडी पाहुण्यांपुढे ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली. तोंड ओट्याकडे, जिथे आप्पा काठी घेऊन उभे होते.

"वाजवा, आप्पा," ती म्हणाली. "आजून वाजवा."

आप्पांनी काठी खाली टाकली. पाहुण्यांनी भाकरीला हात लावला की नाही ते मला दिसलं नाही, पण जीप परत जाताना दुरडी रिकामी होती आणि ती रिकामी दुरडी चाची डोक्यावर घेऊन आली. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. हरीण न मिळालेल्या माळावर हसं करून घ्यायला कोण येतं?

आप्पांनी घर खाली करायचा निरोप पाठवला. निरोप घेऊन आलेल्या माणसाला चाचीने जेवायला वाढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तो जेवून, हात धुऊन गेला. नंतर दरवर्षी पावसाळ्याआधी निरोप यायचा आणि आणणारा जेवून जायचा. ती त्या घरातून हलली नाही.

पाच वर्षांनी माझी बदली शिरूरजवळ झाली. निघताना तिने मला तो डबा दाखवला, बाभळीच्या फांदीला अडकवून ठेवलेला. तोवर तिला फारसं दिसत नव्हतं, तरी संध्याकाळचा दाणा चालू होता, पायांना वाट पाठ होती. म्हणाली, मी गेल्यावर एकदा ये आणि डबा वाजवून बघ. मी विचारलं, कशाला? "आली तर धोंडा मार," ती म्हणाली. "माझ्यासारका. चुकवू नको."

ती गेल्याचं मला गार्डच्या पत्राने कळलं, तेही महिन्याभराने. संध्याकाळचा दाणा आता तो टाकतो, नियम मोडून, असंही त्यात होतं. त्या पत्राचा मला राग आला, उशीर केला म्हणून. मग मी यार्डातून झाडणीचं अर्धं पोतं भरून घेतलं, न्हावऱ्याची एसटी पकडली आणि गेले.

घराला कुलूप होतं. बाभळीला डबा होता, गंजलेला. उजव्या हातात काठी घेतली आणि डाव्या हातात लिंबाएवढा दगड. कळप उतारावर होता. खरं सांगते, मला ती यावीत असं वाटत होतं. एक तरी यावं, कान तुटलेलं यावं. मी डबा वाजवला. तीन ठोके, मग दोन.

दुसऱ्या ठोक्यालाच सगळी पळाली. पाडसंसुद्धा पळाली, ज्यांनी चाचीचा दगड कधी खाल्ला नव्हता.

मी हातातला दगड ओट्यावर ठेवला आणि हसले, मोठ्याने हसले, म्हणजे तिला ऐकू जाईल इतकं. संध्याकाळ होईपर्यंत तिच्या उंबऱ्यावर बसून राहिले. मग घळीत जाऊन पोतं मोकळं केलं, दाणे पायाने विखुरले आणि चौफुल्याच्या वाटेला लागले. बऱ्याच वेळाने मागे कोरड्या पाचोळ्यावर पावलं वाजल्यासारखी वाटली. मी वळून पाहिलं नाही.